टेकडी विकली, मॅकरोनी ठेवली: न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, 1973

या प्रकरणातल्या माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत, अध्यक्ष, डीन, ट्रस्टी असं पदानेच घेतलंय, पण संस्थेचं नाव लपवण्यात काही अर्थ नाही, कारण मॅकरोनीच्या कारखान्याचा उल्लेख आला की जाणकार माणूस लगेच ओळखणार. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, एनवाययू. आज आपल्याकडची बरीच मुलं ब्रुकलिनला एमएस करायला जातात तीच. आज तिथली फी बघून डोळे पांढरे होतात, पण पन्नासेक वर्षांपूर्वी ही संस्था बुडायच्या बेतात होती आणि वाचण्यासाठी तिने आपला सगळ्यात देखणा कॅम्पस विकला. मी काही वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या अकाउंट्समध्ये काढलीत, तिथे जमीन विकायचा नुसता विषय निघाला तरी ट्रस्टी मंडळी चहाचा कप खाली ठेवायची, त्यामुळे हे प्रकरण मला जरा जास्तच जवळचं वाटतं.

पार्श्वभूमी

1831 साली ही युनिव्हर्सिटी निघाली. पुढाकार घेणाऱ्यांत अल्बर्ट गॅलाटिन हा अमेरिकेचा माजी अर्थमंत्री होता. कल्पना अशी की शिक्षण फक्त पाद्री आणि जमीनदारांच्या पोरांसाठी नसावं, व्यापाऱ्याच्या, कारागिराच्या मुलालाही शहरातच शिकता यावं. 1835 मध्ये शहराच्या मॅनहॅटन भागातल्या वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कडेला स्वतःची इमारत झाली. हा स्क्वेअर त्याआधी बेवारस प्रेतं पुरायची जागा होती, नंतर कवायतीचं मैदान झाला. इमारतीसाठी दगड सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांकडून घडवून घेतला, स्वस्त पडतो म्हणून, तर शहरातले पाथरवट चिडले आणि 1834 मध्ये दंगल झाली. म्हणजे शहराशी भांडण इथे पायाभरणीपासूनच आहे. टेलिग्राफवाला सॅम्युअल मोर्स इथेच प्रोफेसर होता आणि त्याचे प्रयोगही याच इमारतीत चालायचे.

पुढे साठेक वर्षांत आजूबाजूला गोदामं आणि कारखाने आले, गजबज वाढली, आणि तेव्हाच्या चॅन्सेलरला वाटलं की कॉलेज कसं हिरवळीवर असावं, झाडं असावीत, मुलांनी हॉस्टेलात राहावं. मग शहराच्या उत्तरेला ब्राँक्समध्ये हार्लेम नदीच्या वरच्या टेकडीवर जागा घेतली आणि 1894 मध्ये मुख्य कॉलेज तिकडे हललं. नाव युनिव्हर्सिटी हाइट्स. स्टॅनफर्ड व्हाइट हा त्या काळचा बडा आर्किटेक्ट, त्याने घुमटाची गूल्ड लायब्ररी बांधली आणि तिच्या मागून थोर अमेरिकन माणसांच्या पुतळ्यांचा 630 फूट लांबीचा उघडा व्हरांडा काढला, हॉल ऑफ फेम. पुढे हा शब्द जगभर कुठल्याही खेळाच्या म्युझियमला चिकटला त्याच्या कितीतरी आधीचा हा.

पण गंमत अशी की खालचा वॉशिंग्टन स्क्वेअर काही सुटला नाही. कायदा, शिक्षणशास्त्र, कॉमर्स तिथेच राहिलं, आणि 1914 मध्ये तिथे आणखी एक कॉलेज काढावं लागलं, रोज सबवेने ये-जा करणाऱ्या मुलांसाठी. स्थलांतरितांची पोरं, नोकरी करून शिकणारे, मुली. वर टेकडीवर 1959 पर्यंत मुलींना पदवी कॉलेजात प्रवेशच नव्हता, आणि 1920 च्या आसपास तर ज्यू मुलांची संख्या कमी राहावी म्हणून प्रवेशाच्या चाळण्या लावल्या होत्या. म्हणजे एका युनिव्हर्सिटीत दोन घरं झाली, वरचं घर आणि खालचं घर, आणि वरच्या घराचा खर्च बऱ्याच अंशी खालच्या घरातल्या फीवर चालायचा असं माझं वाचन आहे. आपल्याकडे अनुदानित कॉलेजचा रुबाब आणि विनाअनुदानित कोर्सची कमाई असं असतं ना, साधारण त्याच जातीचं.

मॅकरोनी कुठून आली

1947 मध्ये लॉ स्कूलच्या हितचिंतकांनी जर्सी सिटीतली सी. एफ. म्यूलर नावाची मॅकरोनी बनवणारी कंपनी लॉ स्कूलच्या फायद्यासाठी घेतली. नफा सगळा शिक्षणाला, म्हणून टॅक्स नाही. बाकीचे मॅकरोनीवाले ओरडले, की आम्ही टॅक्स भरायचा आणि हे शाळेच्या नावाने सुटणार होय! प्रकरण कोर्टात गेलं, 1951 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण तोवर 1950 मध्येच अमेरिकन संसदेने कायदा करून पुढच्या काळासाठी असल्या असंबंधित धंद्याच्या नफ्यावर टॅक्स बसवला होता. अमेरिकेतल्या प्रत्येक ट्रस्टच्या सीएला आज जो नियम पाठ असतो त्याच्या मुळाशी या मॅकरोनीचा मोठा हात आहे. टॅक्स लागला तरी कंपनी कमावतच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अडचण

1960 चं दशक मजेत गेलं. 1962 मध्ये तरुण अध्यक्ष आले, त्यांनी ठरवलं की संख्या वाढवत बसायचं नाही, दर्जा वाढवायचा, प्रवेश कडक करायचा. फोर्ड फाउंडेशनने 25 मिलियन डॉलरची ग्रँट दिली, अर्थात तुम्ही बाहेरून त्याच्या काही पट जमवा या अटीवर. वॉशिंग्टन स्क्वेअरला लाल दगडाची भलीमोठी बॉब्स्ट लायब्ररी हातात घेतली, शेजारी बोंबलले की बागेवर सावली पडेल, तरी बांधली. टेकडीवरही मार्सेल ब्रॉयर या आर्किटेक्टच्या काँक्रीटच्या नव्या इमारती झाल्या होत्या. म्हणजे दोन्ही घरांत एकदमच बांधकाम काढलेलं.

आणि मग सगळ्या बाजूंनी एकदम आवळलं. पहिलं म्हणजे शेजारी फुकट दुकान. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, सरकारी, तिथे शहरातल्या मुलांना फी नाही, आणि 1970 पासून तर शहरातल्या हायस्कूलमधून पास झालेल्या कुणालाही प्रवेश. शिवाय राज्याची वेगळी युनिव्हर्सिटी झपाट्याने वाढत होती. एनवाययूचा गिऱ्हाईक कोण, तर हाच शहरातला मध्यमवर्गीय मुलगा, आणि तोच आता विचार करायला लागला की हजारो डॉलर कशाला भरायचे. दुसरं, मध्यमवर्ग उपनगरात पळत होता आणि ब्राँक्सची अवस्था वर्षागणिक बिघडत होती, आईबाप मुलाला टेकडीवर ठेवायला कचरायला लागले. तिसरं, 1970 च्या सुमारास विमान आणि अवकाश उद्योगात कपात झाली, इंजिनिअरिंगची ओढ कमी झाली, आणि इंजिनिअरिंग स्कूल होतं नेमकं टेकडीवर. 1925 मध्ये गुगेनहाइम या धनाढ्य उद्योगपतीच्या 5 लाख डॉलरच्या देणगीतून तिथे विमानशास्त्राचं स्कूल निघालं होतं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काहींतलं एक, त्याचीही वर्गखोली रिकामी व्हायला लागली. वर महागाई. राज्य सरकार खासगी कॉलेजना दर पदवीमागे थोडी मदत द्यायला लागलं होतं, पण भोक मोठं आणि ठिगळ लहान.

1972 पर्यंत परिस्थिती अशी की आणीबाणीसाठी टास्क फोर्स बसवावी लागली. तूट दरवर्षी, राखीव पैसा संपत आलेला, आणि कोणीतरी आकडेमोड करून दाखवलं की असंच चाललं तर थोड्याच वर्षांत दिवाळं. मी अशा मीटिंगा पाहिल्यात, छोट्या प्रमाणावर, त्यात पहिला तासभर सगळे झेरॉक्सच्या खर्चावर बोलतात.

पर्याय काय होते

मी इथे फक्त कागदावर मांडलेले नाही तर त्या काळात प्रत्यक्ष उपलब्ध असलेले रस्ते धरतोय.

फी वाढवणं. वाढवत होतेच, पण शेजारी फुकट असताना फी वाढवली की मुलं कमी होतात, मुलं कमी झाली की परत फी वाढवावी लागते. यातून कोणी वर आलेलं नाही.

सरकारच्या पदरात जाणं. हा खरा रस्ता होता, लोकांनी घेतलाही होता. बफेलोची खासगी युनिव्हर्सिटी 1962 मध्ये राज्याच्या युनिव्हर्सिटीत विलीन झाली, फिलाडेल्फियाचं टेंपल 1965 मध्ये आणि पिट्सबर्ग 1966 मध्ये राज्याशी जोडलं गेलं. दोन्हीही शहरी, दोन्हीही पैशाने बेजार. एनवाययूने हे केलं असतं तर आज ती सरकारी युनिव्हर्सिटीचाच एखादा भाग असती, आणि खरं सांगायचं तर ते काही वाईट झालं असतं असं मला वाटत नाही, पण ट्रस्टींना स्वतंत्र राहायचं होतं.

मॅकरोनी विकणं. इथे घोडं पेंड खात होतं. कंपनी कागदावर युनिव्हर्सिटीच्या छत्रीखाली, पण तिचा लाभ लॉ स्कूलचा. लॉ स्कूलची मंडळी म्हणजे वकील! त्यांच्या हातचा घास काढून टेकडीवरच्या इंजिनिअरिंगला घालणं इतकं सोपं नव्हतं. आणि कमावती कंपनी घाईत विकली की भाव पडतो हेही होतंच.

खालचं घर बंद करून टेकडीवर राहणं. बोलायला छान. पण कायदा, मेडिकल, बिझनेस, रात्रीचे वर्ग, सगळी कमाई मॅनहॅटनमध्ये, नोकरी सुटल्यावर सहा वाजता वर्गात येणारा विद्यार्थी ब्राँक्सच्या टेकडीवर जाणार नाही.

टेकडी विकणं. सुमारे 45 एकर, घुमट, पुतळे, मैदान, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी. खासगी गिऱ्हाईक कोण घेणार? कोणी नाही. गिऱ्हाईक एकच होतं, सरकार, कारण सिटी युनिव्हर्सिटीचं ब्राँक्स कम्युनिटी कॉलेज 1957 मध्ये निघालेलं आणि जुन्या हायस्कूलच्या इमारतीत आणि इकडेतिकडे विखुरलेल्या जागांत चाललेलं, त्यांना कॅम्पस हवाच होता. म्हणजे ज्या फुकट शिक्षणाने एनवाययूचं गिऱ्हाईक पळवलं त्याच फुकट शिक्षणाला घर विकायचं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच क्षण सगळ्यात मोठा, कारण इथे अहंकार आडवा येऊ शकला असता.

काय केलं

1973 मध्ये सौदा झाला, 62 मिलियन डॉलर. टेकडीवरचं आर्ट्स कॉलेज वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कॉलेजात मिसळलं, जे मूळचं खालचं घर, त्यातच वरच्या घराने येऊन राहायचं. इंजिनिअरिंगचं काय करायचं तर राज्याच्या दबावाने ते ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकला जोडून दिलं, आणि पॉलिटेक्निक स्वतः कर्जात बुडालेलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, पण व्याह्याचा नाइलाज आणि यांचाही. नाव झालं पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट ऑफ न्यूयॉर्क. एनवाययूकडे इंजिनिअरिंग 1854 पासून होतं, ते संपलं. मोठी माणसं असलेला गणित आणि कॉम्प्युटरचा कूरांट इन्स्टिट्यूट मात्र मॅनहॅटनमध्ये होता म्हणून वाचला.

विद्यार्थ्यांनी निषेध केला, प्राध्यापकांनी केला, जुने विद्यार्थी तर अजून हळहळतात, कारण त्यांचं कॉलेज नुसतं हललं नाही, उरलंच नाही. पदवीवर ज्या जागेचं नाव आहे ती जागा दुसऱ्याची.

त्याच सुमारास वॉशिंग्टन स्क्वेअरला बॉब्स्ट लायब्ररी उघडली. एकीकडे व्हाइटची घुमटाची लायब्ररी हातातून गेली, दुसरीकडे आर्किटेक्ट फिलिप जॉन्सनची बारा मजली उभी राहिली.

मॅकरोनी तेव्हा ठेवली. 1976 मध्ये, धावपळ जरा ओसरल्यावर, फोरमोस्ट-मॅकेसन या कंपनीला 115 मिलियन डॉलरला विकली. म्हणजे शेवयांच्या कारखान्याला अख्ख्या टेकडीच्या जवळपास दुप्पट भाव आला! मोठा वाटा लॉ स्कूलला गेला, युनिव्हर्सिटीलाही हिस्सा मिळाला. आज एनवाययू लॉ अमेरिकेतल्या अव्वल लॉ स्कूलांत गणलं जातं, त्यामागे हा पैसा आहे.

वेळेचा मुद्दा

लोक हे प्रकरण सांगताना फक्त विकलं की नाही यावर बोलतात, मला तारीख जास्त महत्त्वाची वाटते. 1975 मध्ये खुद्द न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं. 1976 मध्ये सिटी युनिव्हर्सिटीला पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून ती काही दिवस चक्क बंद होती, आणि त्याच वर्षी शतकभराहून जास्त चाललेलं फुकट शिक्षण संपून फी लागली. आता विचार करा, ट्रस्टींनी अजून दोन वर्षं चर्चा केली असती, अजून एक कमिटी नेमली असती (आपल्याकडे तर नक्कीच नेमली असती), तर 62 मिलियन द्यायला समोर गिऱ्हाईकच नसतं. टेकडी गळ्यात पडली असती आणि तिच्यासकट बुडाले असते.

आणि उलटंही बघा, 1976 नंतर शेजारच्या दुकानात फी लागल्यावर एनवाययूची स्पर्धा थोडी हलकी झाली. हे काही कुणाच्या दूरदृष्टीने झालं नाही, नशीब होतं, पण तोवर जिवंत राहिल्यामुळे नशीब वापरता आलं.

पुढे काय झालं

1980 च्या दशकात शहर सावरलं, वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आसपासचे ग्रिनिच व्हिलेज आणि सोहो हे भाग महाग झाले, आणि ज्या गजबजाटाला कंटाळून 1894 मध्ये टेकडीवर गेले होते तोच गजबजाट आता विकाऊ माल झाला. देशभरातल्या मुलांना न्यूयॉर्कमध्ये राहायचं होतं. नवे अध्यक्ष माजी खासदार होते, त्यांनी एक बिलियन डॉलर जमवायची मोहीम पार पाडली, हॉस्टेलं काढली, ये-जा करणाऱ्यांची युनिव्हर्सिटी राहणाऱ्यांची झाली. पुढे 2010 मध्ये अबुधाबी, 2013 मध्ये शांघाय. आता विद्यार्थी 50 हजारांच्या वर.

पण एकाच घरात कोंबून बसलं की भिंतीला भिंत लागते. लेखक एडगर ॲलन पो जिथे काही काळ राहिला होता ते घर 2000 नंतर लॉ स्कूलच्या इमारतीसाठी पाडलं, दर्शनी भागाची नक्कल तेवढी लावून दिली. मग 2031 पर्यंतचा विस्तार आराखडा आला, 60 लाख चौरस फुटांचा, शहरभर मिळून. शेजारी आणि खुद्द स्वतःचेच बरेच प्राध्यापक विरोधात गेले, 2012 मध्ये महापालिकेने काटछाट करून मंजूर केला, बागेच्या पट्ट्यांवरून कोर्टात केस चालली आणि 2015 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने युनिव्हर्सिटीच्या बाजूने निकाल दिला. त्यातली मोठी इमारत 2023 मध्ये उघडली. टेकडी असती तर हे सगळं तिकडे बांधता आलं असतं असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही, कारण जी मुलं येतात ती व्हिलेजसाठीच येतात.

वेगळं काय करता आलं असतं

टेकडी विकण्यात चूक दिसत नाही. चूक इंजिनिअरिंगमध्ये दिसते. एका मंदीकडे बघून एकशे वीस वर्षांचा विभाग दुसऱ्याला देऊन टाकला, आणि नंतर कॉम्प्युटरचा काळ आला तेव्हा हात चोळत बसले. 2008 मध्ये पुन्हा त्याच पॉलिटेक्निकशी जोडणी केली, 2014 मध्ये पूर्ण विलीन करून घेतलं, म्हणजे जे दिलं होतं तेच चाळीस वर्षांनी परत आणलं. 2015 मध्ये चंद्रिका आणि रंजन टंडन या मूळच्या भारतीय दांपत्याने 100 मिलियन डॉलर दिले आणि स्कूलला त्यांचं नाव लागलं. चंद्रिका टंडन चेन्नईच्या, इंद्रा नूयींच्या बहीण. आपल्या मुलांच्या ॲडमिट लेटरवर जे टंडन असतं ते हेच. त्या वेळी इमारती विकून इंजिनिअरिंगचे दोन-तीन विभाग, निदान इलेक्ट्रिकल तरी, कूरांटच्या शेजारी भाड्याच्या जागेत ठेवता आले असते का? राज्याने पॉलिटेक्निकला वाचवायची अट सौद्याशी बांधली होती, त्यामुळे पूर्ण नकार देणं जड होतं, पण वाटाघाटीला जागा होती असं मला वाटतं.

दुसरं, मॅकरोनी आधी विकून टेकडी वाचवता आली असती का, हा प्रश्न जुने विद्यार्थी हमखास विचारतात. माझं उत्तर नाही. एकदाच येणारा पैसा दरवर्षीच्या तुटीत ओतला की दोन-चार वर्षं जातात, मग कारखानाही नाही आणि टेकडीही नाही. फरक हा की टेकडी विकल्यावर खर्चही गेला, मॅकरोनी विकल्यावर फक्त उत्पन्न गेलं असतं.

आणि तिसरं, 1960 च्या दशकात दोन्ही घरांत एकदम बांधकाम काढलं तेव्हाच कोणीतरी विचारायला हवं होतं की यातलं एक घर दहा वर्षांनी आपल्याकडे असेल का. ब्रॉयरच्या त्या इमारती विकल्या तेव्हा जेमतेम दहा-पंधरा वर्षांच्या होत्या.

टेकडीवर आज ब्राँक्स कम्युनिटी कॉलेज आहे. पुतळ्यांचा व्हरांडाही त्यांच्याकडेच आहे, 2017 मध्ये त्यातले दोन कॉन्फेडरेट, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या, सेनापतींचे पुतळे काढून टाकले. आणि ज्या टेकडीवर एकेकाळी कोण नको याच्या चाळण्या लागायच्या, तिथे आता ब्राँक्समधली स्थलांतरितांची मुलंमुली गूल्डच्या घुमटासमोरून वर्गाला जातात.